इको नॉर्मल आहे, मग घशातून नळी कशाला?

पत्राचा सारांश: कळव्याला राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी सासूबाईंबद्दल लिहिलं आहे. सासूबाई छप्पन्न वर्षांच्या. लहानपणी झालेल्या ऱ्हुमॅटिक तापाने त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. सात वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात ती काढून धातूची झडप बसवली. तेव्हापासून रक्त पातळ राहण्याची गोळी रोज चालू आहे. गेले तीन आठवडे त्यांना संध्याकाळी १०० ते १०१ ताप येतो, रात्री घाम फुटतो, अन्नावरची वासना उडाली आहे. पंचवीस वर्षांचा घरोबा असलेल्या जवळच्या डॉक्टरकाकांनी पावसाळी ताप समजून पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. ताप गेला आणि चार दिवसांत परत आला. दुसऱ्या कोर्सनंतरही तेच झालं. मलेरिया आणि डेंगी निगेटिव्ह, विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्तचाचणी, 'थोडी पॉझिटिव्ह'. ठाण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, झडप व्यवस्थित चालते आहे. दुसरा कोर्स चालू असताना एकदा ब्लड कल्चर केलं, म्हणजे रक्त खास बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते पाहिलं, त्यात काही वाढलं नाही. तरीही तज्ज्ञ म्हणतात की दाखल करा, पुन्हा तीन कल्चर घेऊ, घशातून नळी घालून इको करू, लागलाच तर पेट स्कॅन करू. नवरा आणि दीर म्हणतात, सगळं नॉर्मल असताना हे बिल वाढवायचे प्रकार आहेत. डॉक्टरकाका दुखावतील ही भीती वेगळीच. सासूबाई म्हणतात, गौरी-गणपती उरकल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही. पत्र असं संपतं: 'बाकी विशेष काही नाही, ताप सुरू होण्याआधी पंधरा दिवस दाढ काढली होती तेवढंच. मी उगाच घाबरतेय का?'

उत्तर

नाही, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. तुमच्या घरात या घडीला तुमचीच शंका सगळ्यांत जागी आहे, असं मला वाटतं. सासूबाईंना नेमकं काय झालंय ते पत्रावरून मी सांगू शकत नाही. कदाचित साधंच काही निघेल आणि तसंच निघावं. पण कृत्रिम झडप असलेल्या माणसाचा ताप तीन आठवडे जात नसेल, तर झडपेला जंतुसंसर्ग झालाय का, हे आधी तपासायचं असतं. या संसर्गाला डॉक्टर एंडोकार्डायटिस म्हणतात. तुमच्या तज्ज्ञांनी सांगितलेल्या तपासण्या त्यासाठीच आहेत. मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर आहे, बरीच वर्षं या कल्चरच्या बाटल्यांबरोबर काढली आहेत. म्हणून ज्या तीन गोष्टींना घरात 'नॉर्मल' म्हटलं जातंय, त्या नीट उलगडून सांगते.

पहिली गोष्ट, ताप अँटिबायोटिकने उतरला म्हणजे तो साधाच होता, ही समजूत. झडपेवर बसलेले जंतू स्वतःभोवती एक चिकट थर करून राहतात. धातूला किंवा शिवणीच्या कापडाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे शरीराची फौज तिथे नीट पोचत नाही आणि औषधही कमी पोचतं. पाच दिवसांच्या गोळ्यांनी रक्तात फिरणारे जंतू कमी होतात, ताप उतरतो, माणूस उठून स्वयंपाकाला लागतो. मुळाशी बसलेले मात्र तसेच राहतात आणि गोळ्या संपल्या की पुन्हा रक्तात उतरायला लागतात. कोर्स चालू असेपर्यंत बरं, संपला की चार दिवसांत ताप, हा तुम्ही लिहिलेला क्रम म्हणूनच मला अस्वस्थ करतो. हा संसर्ग ठरलाच तर कृत्रिम झडपेसाठी शिरेतून निदान सहा आठवडे औषध द्यावं लागतं. त्यापुढे पाच दिवसांच्या कोर्सचा हिशेब तुमचा तुम्हीच करा.

दुसरी गोष्ट, कल्चर निगेटिव्ह. हे तुमच्या यजमानांना आणि दिरांना शांतपणे वाचून दाखवा. या आजारात कल्चर कोरं येण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे त्याआधी पोटात गेलेलं अँटिबायोटिक. घर झाडून-पुसून काढल्यावर चोराचे ठसे शोधायला बसावं, तसं ते होतं. तुमचं कल्चर तर कोर्स चालू असतानाच घेतलं आणि तेही एकदाच. त्या अहवालावरून 'जंतू नाहीत' असं म्हणता येत नाही, 'आत्ता सापडले नाहीत' एवढंच म्हणता येतं.

तीन वेळा कशासाठी, हा प्रश्न मला लॅबच्या खिडकीत कित्येक नातेवाइकांनी विचारला आहे. कृत्रिम झडपेवर, विशेषतः ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात, जे जंतू सापडतात त्यांत आपल्या कातडीवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू बरेच असतात. हेच जंतू रक्त घेताना कातडीवरून सुईबरोबर बाटलीतही शिरू शकतात. एकाच बाटलीत ते वाढले तर मी अहवालात काय लिहायचं? संसर्ग आहे, की सुईची चूक? तीन वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून, कातडी दर वेळी नीट निर्जंतुक करून, मध्ये थोडा वेळ सोडून रक्त घेतलं आणि बहुतेक बाटल्यांत तोच जंतू वाढला, तर शंकेला जागा उरत नाही. एकाच बाटलीत वाढला तर तो बहुधा कातडीवरचा. म्हणजे तीन कल्चर ही एकच तपासणी आहे, ती तीन भागांत होते. एका वेळच्या दोन बाटल्या, प्रत्येकीत ८ ते १० मिलिलिटर, म्हणजे एकूण पन्नास-साठ मिलिलिटर रक्त जातं. सासूबाईंना सांगा, रक्तदानात ३५० मिलिलिटर देतात. दोन-तीन मिलिलिटरवर भागवणाऱ्या लॅबला रक्त कमी का घेतलं हे खुशाल विचारा, कारण रक्त जितकं कमी तितकी जंतू सापडण्याची शक्यता कमी. ताप चढेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. या आजारात जंतू रक्तात सतत सुटत असतात, त्यामुळे ताप नसतानाही रक्त घेता येतं.

बाटल्या साधारण पाच दिवस मशीनमध्ये ठेवतात. जंतू असले तर बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांतच मशीन खुणावतं. फॉर्मवर 'कृत्रिम झडप आहे, अमुक तारखांना अमुक अँटिबायोटिक घेतलं' हे लिहिलंय ना, तेवढं बघा. ही एक ओळ लिहिलेली असली की लॅबमधला माणूस त्या बाटलीकडे वेगळ्या नजरेने बघतो. दोन कोर्सनंतर आता किती दिवस थांबून कल्चर घ्यायचं, हे तुमचे तज्ज्ञ ठरवतील. प्रकृती स्थिर असेल तर ते काही दिवस औषधाविना ठेवून रक्त घेऊ शकतात. बिघडत असेल तर थांबणं धोक्याचं, मग लगेच रक्त घेऊन औषध सुरू करतात. हा निर्णय घरी कोणी घेऊ नये. तिसरा कोर्स मात्र रक्त दिल्याशिवाय सुरू होऊ देऊ नका. तीनही कल्चर कोरी आली तरी वाट संपत नाही. काही जंतू नेहमीच्या बाटलीत वाढतच नाहीत किंवा फार सावकाश वाढतात, त्यांच्यासाठी रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासण्या असतात. कुणी तबेल्यातलं कच्चं दूध पीत असेल, शेळ्या-गुरांशी संबंध येत असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

विडालबद्दल एकच सांगते. आपल्याकडे एकदाच केलेल्या 'थोड्या पॉझिटिव्ह' विडालवरून टायफॉइड ठरवणं कच्चं काम आहे. टायफॉइड असलाच, तर तोही ब्लड कल्चरमध्येच पक्का सापडतो. म्हणजे डॉक्टरकाकांची शंका खरी असली तरी लागणारी तपासणी तीच आहे.

तिसरी गोष्ट, इको. छातीवरून केलेल्या साध्या इकोमध्ये धातूची झडप ध्वनिलहरी अडवते आणि तिच्या मागच्या भागावर सावली पडते. सासूबाईंची झडप कुठली हे पत्रात नाही, पण ऱ्हुमॅटिक तापात बहुधा मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप बिघडते, आणि धातूच्या मायट्रल झडपेची ही सावली नेमकी तिच्या मागच्या कप्प्यावर पडते. तिथे जंतूंचा गोळा लटकत असला तरी समोरून दिसत नाही. कृत्रिम झडपेच्या संसर्गात साधा इको साधारण निम्म्या रुग्णांमध्येच तो पकडतो. घशातून नळी घालून अन्ननलिकेतून केलेला इको, ज्याला टीईई म्हणतात, तो दहांपैकी नऊच्या आसपास पकडतो, कारण अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीला टेकलेली असते आणि मध्ये धातू येत नाही. साध्या इकोत 'झडप नीट चालतेय' असं लिहिलं असेल तर ते खरंच असेल. तिची पाती उघडतात, मिटतात. तिच्या कडेला काय साचलंय, हे त्या अहवालाने सांगितलेलं नाही.

नळीची भीती वाटणं साहजिक आहे. काही तास उपाशी ठेवतात, घशात बधिर करणारा फवारा मारतात, गरज लागली तर गुंगीचं हलकं औषध देतात. दहा-वीस मिनिटांचं काम असतं. कवळी असेल तर काढून ठेवायची, घास गिळताना अडकत असेल तर आधी सांगायचं. रक्त पातळ करायची गोळी यासाठी सहसा बंद करावी लागत नाही. डॉक्टर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याची चाचणी, बघून काय ते सांगतील, तुम्ही आपल्या मनाने एक दिवसही ती चुकवू नका. आणि हो, आयएनआर या आठवड्यात करून घ्याच. अनेक अँटिबायोटिकांनी तो वर जातो आणि सासूबाईंचे दोन कोर्स झाले आहेत, जेवणही कमी आहे. त्यांना दंडात किंवा कमरेत तापाचं इंजेक्शनही देऊ देऊ नका, स्नायूत रक्त साकळतं. टीईई स्वच्छ आला आणि संशय तसाच राहिला तर पाच ते सात दिवसांनी तो पुन्हा करतात. तेव्हा 'एकदा झालं ना' म्हणून घरात पुन्हा वाद नको, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

हा आजार एका चाचणीवर ठरत नाही, पुरावे जोडून ठरतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९४ साली त्यासाठी निकष मांडले. २००० साली ते सुधारले गेले आणि २०२३ मध्ये पुन्हा नवे केले, त्यात हृदयाचा सीटी आणि पेट स्कॅन यांनाही मोठ्या पुराव्याचा मान मिळाला. काही निकष मोठे, काही किरकोळ. कृत्रिम झडप असणं हा एक किरकोळ निकष आहे आणि ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ च्या वर ताप हा दुसरा. सासूबाई कुठल्याही मशीनखाली जाण्याआधीच हे दोन त्यांच्या खात्यावर आहेत. कल्चर किंवा टीईई यांपैकी एकाने ठोस पुरावा दिला तरी डॉक्टर या आजाराची शक्यता धरून चालतील, दोन्हींनी दिला तर निदान पक्कं. म्हणून तुमचे तज्ज्ञ या दोन तपासण्यांवर अडून बसले आहेत, आणि माझ्या मते ते बरोबर आहेत.

पैशांबद्दलची घरच्यांची शंका मी उडवून लावणार नाही. खर्चाचा विचार करणं हा काही गुन्हा नाही. मग तज्ज्ञांना क्रम विचारा: आधी कल्चर, टीईई, आणि त्याबरोबर ईसीजी व लघवीची साधी तपासणी. या शेवटच्या दोन फार स्वस्त आहेत आणि त्यांना कमी लेखू नये. ईसीजीत विद्युतवहन नव्याने मंदावलेलं दिसलं तर झडपेच्या मुळाशी पू झाल्याची शंका येते. लघवीत रक्तपेशी दिसल्या तर आजाराचे शिंतोडे मूत्रपिंडापर्यंत गेल्याचा संशय. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी, वाढलेला असेल, पण तो कुठल्याही संसर्गात वाढतो, एकट्याने तो काही सिद्ध करत नाही. पेट स्कॅन महाग आहे आणि तो पहिल्याच दिवशी लागत नाही. कल्चर आणि टीईई यांनी चित्र स्पष्ट झालं नाही तर तो उपयोगी पडतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तो फसवू शकतो, कारण भरून येणारी जखमही त्यात चमकते. सासूबाईंच्या ऑपरेशनला सात वर्षं झाली, तेव्हा ती अडचण नाही.

पेट स्कॅन ठरलाच, तर त्याची पथ्यं काटेकोर पाळा. त्यात किरणोत्सर्गी साखर टोचतात आणि ती कुठे जमा होते ते बघतात. हृदय स्वतःच साखर खातं, म्हणून त्याला आदल्या दिवसापासून साखरेपासून तोडावं लागतं. भात, पोळी, फळं, दूध, गोड काही नाही. अंडी, पनीर, तूप, चिकन-मासे चालतात, मग रात्रभर काही न खाता राहायचं. आपल्याकडे 'उपाशी या' म्हटलं की साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी खाऊन निघणाऱ्या आजी मी पाहिल्या आहेत. त्या स्कॅनमध्ये पूर्ण हृदयच उजळून निघतं आणि पैसे वाया जातात. सणाच्या दिवसांत मोदकाचं ताटही लक्षात ठेवा. मधुमेह असेल तर तसं आधीच सांगा, तयारी बदलते.

खर्चाचं आणखी एक. ऑपरेशन जिथे झालं त्या सरकारी रुग्णालयातल्या हृदयविभागात जुनी फाइल घेऊन जाणं हा तुमचा हक्काचा दुसरा सल्ला आहे. तिथे त्यांच्या झडपेची जात, आकार, तारीख, सगळं नोंदलेलं असेल. ऑपरेशननंतर मिळालेलं झडपेचं कार्ड घरात शोधून ठेवा. दाखल व्हायची वेळ आली तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचा आजार आणि रुग्णालय त्यात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्रांना आधीच विचारा. मुंबईला जायचंच असेल तर तापातल्या माणसाला कळव्याहून लोकलच्या गर्दीत घालू नका.

दाढेची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. ती डॉक्टरांना सगळ्यांत आधी सांगा. ऑपरेशनला बराच काळ लोटला की तोंडातले जंतू हा या संसर्गाचा एक नेहमीचा उगम असतो. दाढ काढताना ते रक्तात उतरतात. म्हणून कृत्रिम झडप असलेल्यांना हिरड्यांना धक्का लावणाऱ्या उपचाराआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक मोठा डोस देतात, सहसा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम. तो दिला होता का, हे विचारून ठेवा. पण नसेल दिला तर दंतवैद्याला किंवा स्वतःला धारेवर धरू नका. रोज दात घासताना, चावतानाही थोडे जंतू रक्तात जातात. दाढ हेच कारण, असं आज कुणीच म्हणू शकत नाही. पुढच्या वेळी मात्र खुर्चीत बसण्याआधी 'झडप बदललेली आहे' हे सांगायचं.

आता डॉक्टरकाका. पावसात कळव्या-ठाण्यात रोज शंभर ताप बघणाऱ्या माणसाने आधी मलेरिया, डेंगी, टायफॉइड शोधला, यात गैर काही नाही. ते त्यांनी करायलाच हवं होतं. त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका, कामासाठी जा. 'काका, तज्ज्ञांना दोन्ही कोर्सची नावं, डोस आणि तारखा हव्या आहेत, लेटरहेडवर लिहून देता का?' हे मागितलं की ते स्वतःच उपचाराचा भाग होतील, आणि ती चिठ्ठी खरोखरच लागणार आहे. शक्य झालं तर त्यांचं आणि तज्ज्ञांचं फोनवर बोलणं घडवून आणा. चांगल्या डॉक्टरला रुग्णाची तपासणी झाल्याचा राग येत नाही. पंचवीस वर्षं तुमच्या घरात वावरलेल्या माणसाला तर नाहीच येणार.

सासूबाईंना समजावणं सगळ्यांत अवघड, हे मला कळतं. 'तुम्ही गेलात तर गौरी कोण बसवणार' हा त्यांचा खरा प्रश्न आहे, नळी ही नंतरची गोष्ट. म्हणून त्यांच्याशी गौरींबद्दलच बोला. या वर्षी मुखवटे, पातळ, नैवेद्य मी आणि जाऊबाई करतो, तुम्ही बसून सांगायचं, असं ठरवा. कल्चरसाठी रक्त द्यायला दाखल व्हावंच लागतं असं नाही, तज्ज्ञांना विचारून ते उद्याच देता येईल. आज रक्त दिलं तर गणपती येईपर्यंत अहवाल हातात असतील आणि दाखल व्हायचं की नाही हे भीतीवर न सोडता कागदावर ठरेल. पण तज्ज्ञांनी 'आत्ता दाखल व्हा' असं म्हटलं असेल, तर सणासाठी ते लांबवू नका. कृत्रिम झडपेचा संसर्ग वेळेत पकडला नाही तर तो जीव घेतो, उपचार होऊनही दर पाच रुग्णांत एखाद-दुसरा दगावतो. झडपेवरचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू होतो. हे त्यांना घाबरवायला सांगू नका, यजमानांना मात्र स्पष्ट सांगा.

काही गोष्टी घडल्या तर कुणालाही न विचारता, रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं: बोलताना जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, दम लागून आडवं झोपता न येणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, एखादा हात किंवा पाय अचानक गार पडून दुखू लागणं, हुडहुडी भरून ताप चढणं. धातूच्या झडपेची टिकटिक घरातल्यांना शांत खोलीत ऐकू येते. ती एकदम मंद झाली किंवा ऐकू येईनाशी झाली तरी तेच करायचं, कारण झडप अडकलेली असू शकते.

तोपर्यंत सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा, तापाची गोळी देण्याआधी. वजन आठवड्यातून एकदा. हातापायांच्या बोटांवर, तळव्यांवर, नखांखाली, डोळ्यांच्या आतल्या बाजूला लाल-जांभळे ठिपके दिसतात का, ते उजेडात बघा आणि दिसले तर फोटो काढून ठेवा, दोन दिवसांत ते मावळतातही. कल्चरचे अहवाल आले की मला पुन्हा लिहा. जंतूचं नाव आणि किती बाटल्यांपैकी कितींत तो वाढला, हे दोन्ही त्यात असू द्या.